वहिनी, तो अर्ज कुठं गेला

वहिनी, तुम्ही गेल्याचं मला सगळ्यात शेवटी कळलं. आपल्या दोन घरांत एका गल्लीचं अंतर. तरी मळेवाल्यांना आधी कळलं, मोताळ्याला तुमच्या लेकीकडे, कुसुमकडे, माणूस रवाना झाला, आणि मग कोणाला तरी आठवलं की बाईला एक दीरही आहे. मी आलो तेव्हा अंगणात बसलेली माणसं बोलता बोलता थांबली. हे थांबणं माझ्या ओळखीचं आहे. कित्येक वर्षं मी दिसलो की मळ्यातली माणसं विषय बदलतात, पाण्याचं नाहीतर मिरचीवरच्या रोगाचं बोलू लागतात. ही सवय त्यांना तुमच्यापासून लागली. मी तिची तक्रार घरी बायकोजवळ, सुशीलेजवळ, फार केली, तुमच्याजवळ कधीच नाही. आज तक्रार करायची नाही. दुसरंच सांगायचं आहे.

इतके दिवस लोक येत होते, तुमच्याबद्दल चांगलं बोलून जात होते. एक जण म्हणाला, बाई मोठ्या मनमोकळ्या होत्या. मी मान खाली घातली, कारण हसू येत होतं. तुम्ही मनमोकळ्या नव्हतात, वहिनी. तुम्ही संशयी होतात. बियाण्याची पुडी आणली की चार दाणे दाताखाली फोडल्याशिवाय एकही दाणा वाफ्यात जात नसे. डॉक्टरने गोळी दिली तर ती कशाची, हे त्याच्या तोंडून दोनदा वदवून घेत होतात. माझं लग्न ठरलं तेव्हा सुशीलेच्या माहेरी जाऊन तुम्ही इतकं खोदून खोदून विचारलंत की तिचे वडील पुढच्या बोलणीला यायला कचरत होते. दादा हसायचा. म्हणायचा, हिच्यापासून देवही सुटला नाही, नैवेद्य दाखवून झाला की ताट तपासते.

दादा विषमज्वराने गेला तेव्हा कुसुम सहा वर्षांची होती. नाला आणि मलकापूरची सडक यांच्यामधला आपला मळा दादाच्या आणि माझ्या नावावर होता, कधी वाटणी न झालेला. मी नगरपालिकेत आवक-जावकचा बाबू होतो. मळ्याचं काय, असा प्रश्न मी विचारायच्या आधीच तुम्ही पदर खोचून वाफ्यांत उतरला होतात. विहिरीवर इंजिन बसवलंत, वांगी, मेथी-सांभारासारखी पालेभाजी, पानकोबी काढलीत. गफूरभाई बागवानांचा मळा शेजारी, त्यांच्या बैलगाडीतून तुमच्या टोपल्या मोताळ्याच्या बाजाराला जाऊ लागल्या.

महाराष्ट्र होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. गावोगावचे आराखडे तयार होत होते, आपल्याही गावाचा झाला. नकाशात मळ्यांची सगळी पट्टी हिरव्या रंगाने भरलेली होती. म्हणजे तिथं शेती राहील, वस्ती होणार नाही. मग एक घरबांधणी सोसायटी उभी राहिली. त्यात नोकरदार होते, दोन-चार व्यापारी होते, आणि सेक्रेटरी एक वकील होते. त्यांना गाव सेक्रेटरीसाहेबच म्हणतं, मीही तेच म्हणतो. सोसायटीला कॉलनी बांधायची होती आणि ती मळ्यांवरच, कारण तिथं विहिरी तयार होत्या आणि सडक लागून होती. त्यासाठी हिरवा रंग पुसून पिवळा करायला हवा होता. तशी नोटीस निघाली, हरकती मागवल्या. नोटीस लावली ती आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात, दाराच्या मागे. दार दिवसभर उघडं असे, म्हणजे नोटीस दिवसभर झाकलेली.

मी ती पाहिली आणि त्याच संध्याकाळी तुमच्याकडे आलो. तुम्ही मेथीच्या जुड्या बांधत होतात. सगळं ऐकून घेतलंत, हातातली जुडी पुरी केलीत, आणि मग म्हणालात, "हे तुमी मले काऊन सांगून राह्यले, भाऊजी?"

मी म्हटलं, आपली जमीन आहे, म्हणून सांगतो.

"तुमचीबी हाय, म्हनून त इचारून राह्यली. प्लॉट पडले त तुमचं कोनतं नुकसान हाय?"

मी तिथून उठून निघालो. नोकरी धोक्यात घालून बातमी आणली, आणि ही बाई माझ्यावरच उलटते, असं वाटलं. वाटेत सुशीलेसाठी जुडी घ्यायलाही थांबलो नाही. पण प्रश्न बरोबर होता, वहिनी. तो तुम्ही विचारला नसतात तर मी स्वतःला कधीच विचारला नसता. भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही सहा जण राहत होतो. चुलीवर वरून पाणी गळायचं. आणि त्याच आठवड्यात सेक्रेटरीसाहेबांनी मला हाक मारून विचारलं होतं की सभासदांच्या यादीत तुमचं नाव घालायचं का. मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. बघू म्हटलं होतं, आणि ते हसले होते.

आपला वाद त्यानंतर सुरू झाला आणि तो तसाच राहिला. मी म्हणायचो, लोकांनी राहायचं कुठं? मास्तर, कारकून, पोस्टातले, सगळे भाड्याच्या खोल्यांत कोंडलेले. त्यांना घर नको? तुम्ही म्हणायच्यात, सडकेच्या पलीकडं एवढं मोठं बरड पडलं आहे, कुसळाशिवाय काही उगवत नाही, तिथं बांधा. मी म्हणायचो, तिथं पाणी नाही. तुम्ही म्हणायच्यात, पाणी आणता येते, माती आणता येत नाही. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. तुमचं बरोबर होतं हे आज मान्य आहे. तरी घरात पाणी गळताना भांडी मांडून बसणाऱ्या माणसाला मातीचं सांगणं सोपं नसतं, एवढं तुम्ही एकदा तरी म्हणायला हवं होतं.

मुदत संपायला चार-पाच दिवस असतील. मी कचेरीतून सायकलने येत होतो आणि बसस्टँडसमोर सेक्रेटरीसाहेबांची जीप थांबली. तिच्यातून तुम्ही उतरलात. पदर नीट केलात, इकडेतिकडे पाहिलंत आणि चालू लागलात. मी पानठेल्याच्या आड उभा राहिलो. माझ्या डोक्यात एकच आलं: बाईने सौदा केला. मला टाळून, माझ्या वाट्यासकट, बाई मळा देऊन आली. घरी येऊन मी सुशीलेला सांगितलं. ती म्हणाली, जाऊन विचारा. मी गेलो नाही. तुम्हाला वाटत होतं मी विकला गेलो आहे, मला वाटत होतं तुम्ही. आणि दोघंही एकमेकांच्या घरी सणाला जेवत होतो.

मग तुम्ही अर्ज घेऊन कचेरीत आलात. मागे गफूरभाई आणि आणखी सात-आठ जण. कागदावर मळेवाल्यांचे अंगठे आणि मोजक्या सह्या. जीपमधून उतरलेली बाई हरकतीचा अर्ज घेऊन कशी येते, हे मला कळेना. हाही एक देखावा असेल असं वाटलं. मी शिक्का मारला, रजिस्टरला नोंद घेतली, आणि अर्ज फाईलीत ठेवू लागलो. तुम्ही हलला नाहीत.

"पावती द्या," म्हणालात.

मी म्हटलं, वहिनी, मीच आहे इथं, पावती कशाला.

"तुमी हाय इथं, म्हनूनच पायजे. शिक्का मारून, सही करून."

सगळी कचेरी बघत होती. टायपिस्टाचं यंत्र थांबलं. मी पावती लिहिली, सही केली, शिक्का मारला, आणि तुमच्याकडे न बघता पुढे सरकवली. तुम्ही ती वाचून घेतलीत. तुम्हाला वाचायला वेळ लागायचा, अक्षर लावून लावून वाचायच्यात. तो सगळा वेळ मी खाली मान घालून बसलो होतो. इतका अपमान मला नोकरीत कोणी केला नव्हता.

आता पुढचं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, सुशीलेलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे बडेबाबू माझ्या टेबलाशी आले. मळेवाल्यांचा अर्ज जरा द्या, म्हणाले, वर दाखवायचा आहे. कागद टेबलावरून जातो तेव्हा पुस्तकात सही घ्यायची असते. अकरा वर्षांच्या नोकरीत मी चिठोराही सहीशिवाय सोडला नव्हता. त्या दिवशी पुस्तक माझ्या हाताशी होतं. मी ते उघडलं नाही. मला माहीत होतं, वहिनी. ते अर्ज घेऊन वर गेले नाहीत, बाहेर गेले, आणि बाहेर जीप उभी होती. मी खिडकीतून पाहिलं. आणि मनाशी म्हटलं, बाईला माझ्यावर विश्वास नाही ना, मग घ्या. रागात होतो हे खरं. पण राग नसता तर मी पुस्तक उघडलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही. यादीत आपलं नाव आहे की नाही, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. न विचारण्यात सोय होती.

सुनावणी बुलढाण्याला होती. तुम्ही सगळे सकाळच्या यष्टीने निघालात, कचेरीतर्फे मीही त्याच गाडीत, रजिस्टर मांडीवर घेऊन. घाट चढताना गाडी एवढी भरलेली की माणसं उभी होती, तरी माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. तुम्ही मागच्या बाकावर होतात. मी एकदा वळून पाहिलं, तुम्ही बाहेर दरीकडे बघत होतात.

सुनावणी घेणारे अधिकारी मोजकं बोलणारे होते. सेक्रेटरीसाहेबांनी नकाशा मांडला, घरांची निकड सांगितली, चांगलं बोलले. शेवटी म्हणाले की मळेवाल्यांची एकही हरकत मुदतीत आलेली नाही, म्हणजे त्यांची संमतीच समजावी. अधिकाऱ्यांनी फाईल उलटून पाहिली. खरंच काही नव्हतं. तेव्हा तुम्ही उठलात, कमरेच्या बटव्यातून पावती काढलीत आणि टेबलावर ठेवलीत.

"साहेब, हे पावती. सही माह्या दिराची हाय. तो तिथं बसला, त्याले इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. सेक्रेटरीसाहेबांनीही पाहिलं, आणि त्यांच्या पाहण्यात धमकी नव्हती, ओळख होती. तीच मला जास्त लागली. अधिकाऱ्यांनी विचारलं, सही तुमची का? त्या क्षणी मी नाही म्हणू शकलो असतो. शिक्का टेबलावर पडलेला असतो, कोणीही मारू शकतं. मी म्हटलं, हो, माझी. रजिस्टर उघडून नोंद दाखवली. मग त्यांनी विचारलं, अर्ज कुठं गेला? मी म्हटलं, नोंद माझ्याकडे आहे, पुढचं मला सांगता येत नाही. सांगता येत होतं, वहिनी. सांगितलं नाही.

अधिकाऱ्यांनी तुमचं तोंडी ऐकून घेतलं. मग स्वतः येऊन मळे पाहिले, विहिरींत डोकावले, बरडावरही चालून आले. तीन-चार महिन्यांनी कागद आला. रंग हिरवाच राहिला. सोसायटी सडकेच्या पलीकडं गेली, बरडावर घरं झाली, नळही गेला. त्यात माझं घर नाही. पावतीवरची सही मान्य केली त्याच आठवड्यात यादीतून माझं नाव खोडलं गेलं, आणि खोडल्यावरच मला पक्कं कळलं की ते यादीत होतं. सोसायटीवाले म्हणाले, हा फितला. मळेवाले म्हणाले, अर्ज यानेच गायब केला. दोन्हीकडचे माझ्याशी नीट बोलेनासे झाले.

तुम्ही मात्र त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. हेच मला सगळ्यात जड गेलं. मी वाट बघत होतो की तुम्ही कधीतरी अडवून विचाराल. विचारलं असतंत तर खोटं बोललो असतो की खरं, माहीत नाही. उलट एकदा तुम्ही म्हणालात, मळ्यात दोन खोल्या काढा, शेतावर तेवढं घर चालते म्हणे, सुशीलेचे हाल होऊन राह्यले. मी दोन दिवस विचार केला की यात डाव काय असेल. मळ्यात घर बांधलं की मला तो विकता येणार नाही, असा तुमचा हिशेब असेल असं ठरवलं आणि नको म्हणालो. तुमचा तो हिशेब असेलही. पण सुशीलेच्या हालांचंही खरं असेल, हे मला तेव्हा एकत्र धरता आलं नाही.

मग दुष्काळाचं ते वर्ष आलं. गावाच्या टाक्या आटल्या, बरडावरच्या कॉलनीतले नळ सुकले, आणि मळ्यांच्या विहिरींना तेवढं पाणी राहिलं. सेक्रेटरीसाहेबांच्या घरची माणसंही घागरी घेऊन रांगेत उभी राहिली. लोक म्हणतात तुम्ही सगळ्यांना पाणी दिलंत. दिलंत, पण काठी घेऊन विहिरीपाशी बसून, कोण किती घागरी नेतो ते बघत दिलंत. पालिकेचा माणूस पाइप टाकायला आला तेव्हा त्याच्याकडून आधी लिहून घेतलंत की पाऊस आला की पाइप काढून नेऊ. तो कागद मला आणून दाखवलात. "बराबर हाय का?" विचारलंत. त्या वर्षांतलं तुमचं ते मला एकमेव विचारणं. मी तो कागद तीनदा वाचला आणि एक शब्द बदलायला सांगितला. तुम्ही बदलून आणलात. त्या रात्री सुशीला म्हणाली, आज तुम्ही शीळ घालून राह्यले, झालं काय?

शेवटच्या आजारात मी रोज येत होतो. उशाशी बसायचो आणि म्हणायचो, आज सांगू. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघायच्यात, तसंच, तपासून. मग कोणी तरी औषध घेऊन यायचं आणि मी उठायचो.

तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी सेक्रेटरीसाहेब माझ्याकडे आले. आता थकले आहेत, काठी घेऊन चालतात. तुमचं कौतुक केलं, अशी बाई पुन्हा होणे नाही म्हणाले. चहा घेतला. आराखडा नव्याने होणार आहे, असं सहज बोलावं तसं बोलले. निघताना चपला घालता घालता त्यांनी विचारलं, सातबाऱ्यावर आता कोणाकोणाचं नाव राहिलं? मी सांगितलं. कुसुमचं लागेल, आणि माझं. ते म्हणाले, बसू एकदा. आणि वहिनी, मी म्हटलं, बघू.

तो शब्द मी त्यांना दुसऱ्यांदा देत होतो.

दहाव्याच्या दिवशी मी कुसुमला सगळं सांगायला गेलो. ती भांडी आवरत होती. मी सुरुवातच जीपपासून केली, म्हणालो की तुझ्या आईला मी एकदा त्या जीपमधून उतरताना पाहिलं होतं. कुसुम म्हणाली, मालूम आहे. आई सेक्रेटरीकडे स्वतःहून गेली होती, यादी बघायला. काकांचं नाव आहे का, एवढंच बघायचं होतं तिला. नाव होतं. घरी येऊन ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, अर्ज काकाच्या टेबलावरच द्यायचा, पण पावती घेऊन.

म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं. तरी अर्ज माझ्या टेबलावर आणलात. दुसऱ्या बाबूकडे देता आला असता, टपालाने पाठवता आला असता. मी याचा अर्थ लावत बसलो आहे. मला परीक्षेला बसवलंत, की सुटायला एक वाट ठेवलीत? तुमच्याबाबतीत दोन्ही असू शकतं. मी अर्धाच पास झालो.

काल तेरवी झाली. मळेवाले सगळे आले होते. पंगत बसायच्या आधी मी अंगणात उभा राहिलो आणि सांगितलं. बडेबाबू, पुस्तक, न घेतलेली सही, खिडकीतून पाहिलेली जीप, सुनावणीतलं उत्तर, सगळं. सेक्रेटरीसाहेब आले होते आणि मी बघू म्हणालो, तेही. सुशीला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मग गफूरभाईंनी विचारलं, "इतक्या सालांनी आजच काऊन सांगून राह्यले, बाबूजी?"

तुम्ही असतात तर हेच विचारलं असतंत. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "आजपर्यंत वहिनी माह्यावर डोळा ठेवून होती. आता कोनी नाई. अन् माहा मले भरवसा नाई. तुमी ठेवा."

गफूरभाई हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली. म्हणाले, "ते त आमी ठेऊनच राह्यलो."

मग पानं वाढली. वहिनी, तेरा दिवसांत काल मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.